कोंडाबाईचं तोंड

त्या दिवशी सकाळपासून वारा मेला होता. वैशाख नुकता लागलेला. ऊन होतं, पण त्याला धार नव्हती. आभाळ ज्वारीच्या पिठासारखं पांढुरकं झालेलं आणि त्याच्याआडून उकाडा नुसता झिरपत होता. रांधा गावाच्या बाजूच्या कंपन्यांचा धूर काठी रोवावी तसा सरळ वर चढत होता, कुठं वळत नव्हता की पांगत नव्हता. चाळीपुढची कुत्री नळाखालच्या ओल्या जागेत पोट टेकून पडली होती. अशा दिवशी माणसानं घराबाहेर पडू नये. पण दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होती, आणि सुकदेवला सिल्वासात जाणं भाग होतं.

सुकदेव मूळचा शिंदखेड्याकडचा. पंचवीस-सव्वीस वर्षांमागं बायको आणि तान्हं पोर घेऊन इकडं आला आणि धाग्याच्या कंपनीत बॉबिनच्या गाड्या ढकलायला लागला. ढकलता ढकलता कंबर गेली, मशिनींची घरघर कानात कायमची बसली. आता एका गोदामावर दिवसपाळीचा वॉचमन होता. शाळेचं तोंड त्यानं पाहिलेलं नव्हतं. अंगठ्यावर जन्म काढला, पण कुणाचं वाईट चिंतलं नाही. पोरगा संजू पुण्याकडं नोकरीला. आणि बायको कोंडाबाई, ती मागल्या श्रावणात तीन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेली.

म्हणजे ही तिची पहिली आखाजी. खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर पुजतात, उंबऱ्यावर कुंकवाचं बोट उमटवतात, गोवरीच्या विस्तवावर आगारी टाकतात, म्हणजे घास ठेवून तूप सोडतात, आणि नाव घेऊन हाक मारतात. हाकेला ते माणूस येतं, पाणी पितं, आणि वर्षभर निवांत राहतं. पहिली आखाजी चुकली तर ते तहानेलंच हिंडत राहतं, असं सुकदेवची आई सांगायची. सुकदेवनं ते कधी तपासून पाहिलं नव्हतं. अशा गोष्टी कुणी तपासत नाही.

घागर त्यानं आणली होती. गोवऱ्या होत्या. खोळंबा एकच होता. कोंडाबाईचा फोटो नव्हता.

"फोटो नसला तर सुपारी मांडा ना बाबा," संजू फोनवर म्हणाला होता. "गावाकडं मांडतातच की."

"सुपारीला तोंड कुठून आणू रे?" सुकदेव म्हणाला.

संजू हसला. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

पण ती थट्टा नव्हती. खरी गोष्ट सुकदेवनं कुणालाच सांगितली नव्हती, आणि सांगण्यासारखी नव्हतीच ती. कोंडाबाईचं तोंड तो विसरला होता.

थंडीच्या दिवसांत एकदा चूल पेटवता पेटवता हे त्याच्या ध्यानात आलं. तिची आठवण काढायला गेला, तर पावलं आली, टाचेच्या भेगा आल्या, लुगड्याचा कासोटा आला, खाकरून हाक मारायची तिची लकब आली. गळ्यापर्यंत सगळं आलं. त्याच्यावर काहीच नाही. पाटी पुसावी तसं. त्यानं पुन्हा पायापासून सुरुवात केली. पुन्हा गळ्याशी अडलं. त्या दिवसापासून रोज तो तिला पायापासून वर आठवत जायचा आणि रोज तिथंच ठेचकाळायचा. कुणाला विचारायचं? शेजारच्या खोलीत सुमनबाई राहायच्या, सरकारी शाळेत शिकवायच्या, चिपळूणकडच्या. कोंडाबाईची आणि त्यांची दहा वर्षांची बैठक. पण त्यांना जाऊन काय म्हणायचं? की चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिचे डोळे कसे होते ते तुम्ही सांगा? त्यापेक्षा जीभ झडलेली बरी.

आधार कार्ड दवाखान्याच्या धावपळीत कुठं पडलं ते सापडलं नाही. संजूच्या लग्नातले फोटो होते, पण त्यात वडीलधाऱ्या माणसांपुढं कोंडाबाईनं पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. बाकीचे सगळे, सणावारांचे, घरातले, संजूनं आपल्या कॉम्प्युटरमध्ये ठेवले होते. आणि तो कॉम्प्युटर, म्हणजे त्याचा डबा, कोंडाबाई गेली त्याच आठवड्यात बंद पडला होता. मोठी वीज कडाडली, भिंतीतल्या प्लगमधून जळका वास आला आणि डबा मेला तो मेलाच. सुकदेवनं तो कोपऱ्यात ठेवून दिला. धूळ बसू नये म्हणून वरून कोंडाबाईचं जुनं जांभळं, लाल काठाचं लुगडं घातलं. नऊ महिने तो तसाच लुगडं पांघरून कोपऱ्यात बसला होता.

तोच डबा त्यानं त्या दिवशी लुगड्यासकट उचलला, आणि शेअर रिक्षात मांडीवर घेऊन बसला.

"काका, एवढं काय जपून धरलंय? काच हाय का?" रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं.

"घरचं माणूस हाय," सुकदेव म्हणाला.

"मग तोंड तरी उघडं ठेवा त्याचं. घुसमटंल की बिचारं!"

रिक्षातले सगळे हसले. सुकदेवही हसला. पण त्यानं लुगड्याची गाठ तेवढी सैल केली.

किलवणी नाक्याजवळच्या एका कॉम्प्लेक्समध्ये जमिनीखाली गाळ्यांची ओळ होती. आठ पायऱ्या उतरलं की बोळ, आणि बोळाच्या टोकाला जयवंतचं दुकान. जयवंत डहाणूकडचा, तिशीतला, बोलका. दिवसभर गुजराती, हिंदी, मराठी एकाच भांड्यात कालवून बोलायचा. दुकानाला खिडकी नव्हती. पुढं शटर, मागं भिंत, तिन्ही बाजूंनी उघडे डबे, वायरी, आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास.

"आवो काका, बेसो. घेऊन आलात ना? मस्त."

त्यानं लुगडं सोडून बाजूच्या स्टुलावर टाकलं, डब्याचे स्क्रू काढले आणि आतून एक चपटी लोखंडी वडी बाहेर काढली. पानाच्या डब्याएवढी.

"सगळे फोटो ह्याच्यात. बाकीचा डबा भंगार समजा."

"एवढ्याशात?"

"अहो, एवढ्याशात अख्खं सिल्वासा मावेल."

वडीला वायरी जोडल्यावर तिच्यातून आवाज यायला लागला. टक... टक... टक... नखानं कुणी पत्र्यावर वाजवावं तसा. जयवंतनं कान लावून ऐकलं, दवाखान्यातला डॉक्टर ऐकतो तसं.

"जीव हाय काका. पण अडकलंय. आत एक सुई असते, ती एकाच जागी फिरून फिरून येतेय. तिथून सुटली तर निघतील."

"आणि नाही सुटली तर?"

"तर मग जय श्रीकृष्ण." आणि म्हाताऱ्याचा चेहरा पाहून लगेच म्हणाला, "निघतील हो. टेन्शन नका घेऊ. हे बघा, ही हिरवी पट्टी हाय ना, ती इथपासून इथपर्यंत भरत जाईल. आणि फोटो सापडला की मोठा होऊन आपोआप दिसेल, मग पुढला. तुम्ही फक्त काकूंचा चांगला फोटो कुठला ते बघून ठेवा. हात लावू नका कशाला."

सुकदेव स्क्रीनसमोरच्या खुर्चीत बसला. उजव्या हाताला स्टूल, त्यावर लुगडं. थोड्या वेळानं जयवंतला कुणाचा तरी फोन आला.

"काका, मी जरा वर जाऊन येतो. एक पार्सल घ्यायचंय. शटर ओढून घेतो हां, मांजर येतं, वायरी खातं. लगेच आलो."

शटर खडखडत खाली आलं. बोळातला उजेड कापल्यासारखा बंद झाला. सुकदेवला बरं वाटलं नाही. पण दुसऱ्याच्या दुकानात बसल्यावर आपण काय म्हणायचं?

टक... टक...

पहिला फोटो उमटला. संजू, सायकलवर. मग चाळीपुढची होळी. मग दादऱ्याच्या बागेत तळ्याकाठी सगळे बसलेले, पण कोंडाबाई उन्हामुळं कपाळावर हात धरून, त्यामुळं सावलीत गेलेली. सुकदेव पुढं सरकला. मोतीबिंदूनं त्याला सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसायचं. तो नीट पाहीपर्यंत फोटो गेला.

मग बराच वेळ काहीच आलं नाही. हिरवी पट्टी अर्ध्यावर येऊन थांबली. आणि त्याच वेळी दुकानातले दिवे गेले.

पंखा फिरत फिरत थांबला. वरच्या रस्त्यावरची गाड्यांची घरघर ऐकू येत होती, ती एकदम बंद झाली, जणू कुणी वर गोधडी टाकली. स्क्रीन तेवढा चालू राहिला. तो बॅटरीवर चालतो, जयवंतनं सांगितलं होतं. त्या निळसर उजेडात सुकदेवचे हात परक्याच्या हातांसारखे दिसत होते.

टक... टक... आणि मग आवाज थांबला. सुई सुटली असावी.

फोटो उमटला.

ती त्याचीच खोली होती. चूल ओळखली त्यानं, मांडणीवरचे पितळी डबे ओळखले. फोटो खालून घेतल्यासारखा होता, कोपऱ्यातून, जमिनीलगत. आणि खाटेवर कुणीतरी पाठ करून झोपलेलं होतं. सुकदेव बघत राहिला. मग त्याला कळलं की तो स्वतःच आहे. अंगावर राखी कांबळ होतं. ते कांबळ संजूनं यंदाच्या संक्रांतीला पाठवलं होतं. डबा तर श्रावणात मेला होता.

त्यानं खुर्ची मागं सरकवली.

पुढला फोटो. तोच, चुलीपुढं, एकटा जेवताना. त्याच्या पुढला. तोच, भिंतीला टेकून, तोंड उघडं, काहीतरी बोलतोय. तो एकटा असताना बोलतो हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

तो खुर्चीतून उठला. अंधारात हात पुढं करून शटरपर्यंत गेला, खाली वाकून मूठ शोधली, ओढली. हललं नाही. पुन्हा ओढलं. पत्रा भिंतीत चिणल्यासारखा. "जयवंत..." त्यानं हाक मारली. मोठ्यानं मारायची होती, पण उकाड्यात आवाज विरघळल्यासारखा आतच राहिला. खिशातला साधा फोन काढून हिरवं बटण दाबलं. कानाला लावला. काहीच नाही, घंटीदेखील नाही.

मागं स्क्रीनचा उजेड बदलला. त्यानं वळून पाहिलं.

फोटोत आता त्याची खोली होती आणि खोलीत बाई उभी होती. पाठमोरी. भिंतीकडं तोंड करून. जांभळं लुगडं, लाल काठ.

सुकदेवचे पाय खुर्चीकडं कसे आले ते त्याला कळलं नाही. तो बसला. भीती होती, नाही असं नाही. पण भीतीच्या वर चढून काहीतरी आलं होतं. नऊ महिन्यांत त्याच्या खोलीत कुणी त्या लुगड्यात उभं राहिलेलं त्यानं पाहिलं नव्हतं.

"कोंडा," तो हळूच, गावाकडच्या बोलीत म्हणाला. "मी शे."

पुढचा फोटो आला. बाईनं मान जराशी डावीकडं केली होती.

"इकडं पाह ना," तो म्हणाला. "मला... मला जरा तोंड दाखव तुझं. मी कुणाला सांगणार नाही."

पुढचा फोटो. खांदा वळलेला. त्यानंतरचा. आता ती समोर तोंड करून उभी होती, पण पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, हातही पदराखाली. फोटो एकामागून एक येत होते आणि दर फोटोत ती थोडी मोठी होती. मोठी नव्हे, जवळ. खोली तीच होती, पण तिच्यात काहीतरी कमी होत चाललं होतं, आणि काय ते सुकदेवच्या ध्यानात यायला वेळ लागला. दार. मांडणीच्या शेजारी त्याच्या खोलीचं दार असायला हवं होतं. पहिल्या फोटोत ते होतं. दुसऱ्यात अरुंद झालं. आता तिथं नुसती भिंत होती, पोपडे आलेली, सरळ.

"कोंडा, दार कुठंय गं?"

त्याचा उजवा हात आधारासाठी बाजूला गेला आणि स्टुलावरच्या लुगड्यावर पडला. लुगडं ऊबदार होतं. अंगावरून नुकतंच उतरवून ठेवावं तसं. हात मागं घ्यावा असं त्याला वाटलं, आणि घेववेना.

पुढच्या फोटोत पदर वर झाला होता.

तोंड दिसलं. साठीकडची बाई. कपाळावर कुंकू. ओठांवर हसू आहे की नाही असं. नाक, डोळे, गाल, सगळं जिथल्या तिथं. सुकदेव बघत राहिला. तो वाट पाहत होता. आता आतून कुणीतरी म्हणेल, हीच ती. हीच आपली. काळजात काहीतरी हलेल, जसं गावच्या वळणावर बस आली की हलतं. त्यानं डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. आत काहीच हललं नाही. ते तोंड त्याच्याकडं बघत होतं आणि तो त्या तोंडाकडं, जशी दोन अनोळखी माणसं एकमेकांसमोर बसून एकाच बसची वाट बघतात.

हिरवी पट्टी थांबली होती. फोटो बदलेना. वर रस्ता बंद, मागं शटर बंद. हवा संपत आल्यासारखी वाटायला लागली. त्याच्या छातीत टक... टक... व्हायला लागलं, त्याच चालीनं.

ती कशाची तरी वाट पाहतेय, हे त्याला समजलं. कुणी सांगितलं नाही. पण सासुरवाशीण दारात उभी राहते, आतून कुणी 'ये' म्हणेपर्यंत पाय टाकत नाही, तसं ते तोंड थांबलं होतं.

आणि सुकदेवला वाटलं, आपण बसलोय कशासाठी? तोंड आपण विसरलोय. दोष आपला. चाळीस वर्षं राबलेली बाई समोर उभी आहे, आणि आपण तिला ओळख दाखवायला इतका वेळ लावतोय. तिला काय वाटत असेल? लाजेनं त्याची मान खाली गेली.

"हो," तो म्हणाला. "तूच शे. तूच माझी कोंडाबाई."

दिवे आले. पंखा कुरकुरत फिरायला लागला. वरच्या गाड्या पुन्हा ऐकू आल्या आणि शटर खडखडत वर गेलं. जयवंत काखेत पार्सल घेऊन उभा होता.

"काय हो काका, घामानं न्हालात! शटर उचलायचं ना जरा."

"कुलूप... लावून गेलता ना तू?"

"कुलूप? नुसतं ओढलेलं. एका बोटानं वर होतं, हे बघा." त्यानं करून दाखवलं. मग स्क्रीनकडं बघून चुकचुकला. "अरे यार. एकच निघाला. बाकी सगळ्यावर पाणी. पण फोटो एक नंबर आलाय हां. ह्याच ना काकू?"

सुकदेवनं स्क्रीनकडं न बघता मान हलवली.

जयवंतनं तिथंच फोटो मोठा छापून दिला, वरच्या दुकानातून फ्रेमही आणून दिली. सुकदेवनं तो वर्तमानपत्रात गुंडाळला. डबा भंगारात ठेवून दिला. लुगडं मात्र परत आणलं. येताना रिक्षात ते पायाशी ठेवलं, मांडीवर नाही.

घरी सुमनबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. "मिळाला का भाऊ फोटो? बघू, बघू."

"उद्या पूजेनंतर बघा ताई," तो म्हणाला. "आधी उघडत नसतात."

असा काही नियम नव्हता. त्याला एवढंच भय होतं की त्या बघतील, 'अगदी कोंडाताई!' म्हणतील, आणि तरीही आपल्या आत काहीच हलणार नाही. मग त्याला कुठं तोंड लपवायला जागा राहणार नव्हती.

रात्री त्याला छान झोप लागली. एवढी, की स्वप्नदेखील पडलं नाही.

आखाजीच्या दिवशी दुपार होण्याआधी त्यानं खोली सारवल्यासारखी पुसून घेतली. दार सताड उघडलं. येणाऱ्याला वाट मोकळी हवी. घागर भरून गव्हाच्या राशीवर ठेवली, वर खरबूज ठेवलं. घागरीमागं भिंतीला टेकून फोटो उभा केला आणि कागद सोडला. काचेवर दाराचा उजेड पडत होता, त्यामुळं त्याला तोंड नीट दिसलं नाही, आणि ते बरंच झालं. त्यानं हार घातला. उंबऱ्यावर आजोबाच्या नावानं बोट उमटवलं, आजीच्या, बापाच्या, आईच्या. शेवटचं कोंडाबाईच्या नावानं. मग गोवरीच्या निखाऱ्यावर सांजोरीचा तुकडा ठेवला, तूप सोडलं. धूर उठला, गोड, खरपूस, डोळ्यांत पाणी आणणारा.

"कोंडाबाई, ये," तो म्हणाला. "घरात ये. पाणी पी."

तीनदा म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा म्हणताना त्याची नजर फोटोवर होती. त्या तोंडाकडं बघूनच त्यानं हाक पुरी केली.

आगारीचा धूर आधी दाराकडं चालला होता. तो थांबला, आणि सावकाश मागं वळून खोलीत पसरायला लागला.

सुकदेवनं गायीचा घास पानावर काढला आणि बाहेर द्यायला म्हणून उठला. दार लागलेलं होतं. त्यानं लावलं नव्हतं. वारा तर कालपासून मेलेलाच. त्यानं कडी पाहिली, कडी उघडीच होती. ओढलं. फळी हलली नाही. दोन्ही हातांनी ओढलं, पाय भिंतीला लावून ओढलं. दार भिंतीत चिणल्यासारखं. मांडणीपाशी ते नेहमीपेक्षा अरुंद वाटलं त्याला. पण धुरात आणि मोतीबिंदूत काय खरं, काय खोटं?

मागं घागरीत पाणी डचमळल्याचा आवाज झाला. कुणी तांब्या बुडवावा तसा. मग घोट. एक... दोन... सावकाश, पोटभर.

तो वळला नाही.

"भाऊ!" खिडकीच्या गजांमागं सुमनबाई आल्या होत्या. हातात झाकलेली वाटी. "अहो, एवढ्या धुरात दार का लावून घेतलंत? जीव गुदमरेल. हा घ्या आमरस. कोंडाताईंना आवडायचा म्हणून केला."

माणसाचा आवाज ऐकून सुकदेवच्या डोळ्यांना धार लागली. "दार... अडकलंय ताई," एवढंच तो म्हणाला.

"अडकलंय? थांबा, पलीकडच्या नवनाथला हाक मारते. आणि तो फोटो दाखवा की आता. झाली ना पूजा?"

मग लपवण्यासारखं काही उरलंच नाही असं त्याला वाटलं. नजर जमिनीवर ठेवून तो घागरीपाशी गेला. गव्हाच्या राशीभोवती ओलं झालं होतं. त्यानं चाचपत फोटो उचलला, हार बाजूला केला आणि खिडकीपाशी नेऊन गजांना टेकवला. उघड्या उजेडात, तोंड बाहेरच्या बाजूला. त्याला स्वतःला फ्रेमची पाठच दिसत होती. सुमनबाईंनी वाटी खिडकीत ठेवली, डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि हसत हसत वाकल्या.

हसू हळूहळू ओसरलं. त्या फोटोच्या आणखी जवळ आल्या. मग एकदम मागं सरल्या आणि फोटोकडं नव्हे, सुकदेवच्या खांद्यावरून खोलीत पाहायला लागल्या.

"ताई?" सुकदेव म्हणाला. "हीच ना? आपली कोंडाबाई... हीच ना?"

सुमनबाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"भाऊ... ही पुढची बाई कोण? हिला मी कधी पाहिलं नाही... कोंडाताई ती मागं आहे. कोपऱ्यात, भिंतीपाशी, इवलीशी... आणि भाऊ, ती दोन्ही हात हलवून तुम्हाला नको, नको म्हणतेय."